विद्यापीठ प्रशासनात नव्याने रुजू होताय? ओळखीपाळखीच्या जिल्ह्यात सरळ काम कसं करायचं

कनिष्ठ लिपिक, वरिष्ठ सहायक, कक्षाधिकारी किंवा सहायक कुलसचिव म्हणून पहिल्यांदाच विद्यापीठाच्या नोकरीत येणाऱ्यांसाठी हे लिहितोय. या खुर्च्यांवर मीही बसलोय. नस्तीला (म्हणजे फाईलला) क्रमांक कसा द्यायचा, टिप्पणी कशी सादर करायची, हे तुम्हाला कोणीतरी शिकवेलच. पण दुपारी साडेतीनला मेव्हण्याचा फोन येतो आणि "आपल्याच माणसाचं काम आहे" म्हणतो, तेव्हा काय बोलायचं हे कुठल्याही प्रशिक्षणात सांगत नाहीत.

सोलापुरात हा प्रश्न जास्तच टोचतो. इथलं विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ ला सुरू झालं ते एकाच जिल्ह्यासाठी. त्याआधी जिल्ह्यातली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. तेव्हा अर्जदार म्हणजे कोल्हापुरातल्या टेबलावरचा एक कागद होता. आता केगावच्या विद्यापीठ आवारात येणारा माणूस करमाळ्याचा असो की अक्कलकोटचा, दोन वाक्यांत तुमच्याशी कुठलं ना कुठलं नातं काढतो. अकरा तालुके म्हणजे फार मोठं जग नाही. पाकीट पुढे करणारा माणूस ओळखायला सोपा असतो, त्याला नाही म्हणणंही सोपं. खरी परीक्षा आपल्या माणसांची असते, आणि तिची तयारी आधीच करून ठेवावी लागते.

१. पहिल्या आठवड्यातच नात्यांची यादी करा

एक कागद घ्या. जिल्ह्यातल्या संलग्न कॉलेजांत शिकणारी, शिकवणारी किंवा नोकरी करणारी तुमची जवळची माणसं त्यावर लिहा. शिक्षणसंस्थेच्या संचालक मंडळावरचे पाहुणे, विद्यापीठाला माल पुरवणारे दुकानदार नातेवाईक, घरी क्लास चालवणारी बायको किंवा नवरा, हेही लिहा. यादी पाहून तुम्हालाच आश्चर्य वाटेल.

मग ज्या टेबलावर तुमची नेमणूक झाली आहे, त्याच्याशी संबंध येणारी नावं तेवढी लेखी कळवा. फार साहित्यिक लिहायची गरज नाही:

"महोदय, माझी मुलगी अमुक महाविद्यालयात बी.कॉम. भाग दोनमध्ये शिकत आहे. त्या परीक्षेच्या कोणत्याही गोपनीय कामात माझा समावेश करू नये, ही विनंती. सदर पत्र नोंदीसाठी सादर."

पत्र आवक विभागात द्या आणि पोच घ्या. साहेबांच्या हातात नुसतं देऊन "सांगितलं होतं की" म्हणण्याला पुढे काही किंमत राहत नाही. काही सहकारी हसतील, "एवढं कशाला?" म्हणतील. हसू द्या. हे पत्र आधी दिलेलं असलं की नंतर नातेवाइकांना नाही म्हणणं फार सोपं जातं. "मी त्या कामातच नाहीये, मामा" हे वाक्य खरं असतं आणि मामांना ते पटतंही.

२. हे कागद हाताशी ठेवा

- महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ (१ मार्च २०१७ पासून लागू). निदान तुमच्या विभागाशी संबंधित कलमं खूण करून ठेवा.
- शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींची प्रमाण संहिता, १९८४. तुमची वर्तणूक, रजा, शिस्तभंग या सगळ्याचं मूळ तिथं आहे.
- तुमच्या विभागाची परिपत्रकं, तारखेच्या क्रमाने लावलेली. नवं परिपत्रक आलं की जुन्यावर "अधिक्रमित" (म्हणजे नव्यामुळे रद्द झालेलं) असं लिहा, फाडू नका.
- माहितीचा अधिकार अधिनियम, २००५.
- विद्यापीठाची लेखाविषयक आणि खरेदीविषयक नियमावली, तुमचा संबंध बिलांशी येत असेल तर.
- एक साधी वही. तिच्याबद्दल पुढे.

"नियम साहेबांना माहीत आहेत" या भरवशावर राहू नका. साहेबांची बदली होते, नस्तीवरची तुमची सही मात्र तिथंच राहते.

३. "जरा बघा ना" या फोनचं काय करायचं

हा सगळ्यांत मोठा भाग आहे, म्हणून सावकाश सांगतो. ओळखीतून येणाऱ्या विनंत्या साधारण तीन प्रकारच्या असतात, आणि तिन्हींना एकच उत्तर देणं चुकीचं आहे.

पहिली विनंती माहितीची. स्थलांतर प्रमाणपत्राला काय लागतं, पुनर्मूल्यांकनाची शेवटची तारीख कोणती, अर्ज कुठे अडकलाय. ही माहिती देण्यात काहीच वावगं नाही. उलट ती मोकळेपणाने द्या. विद्यापीठ स्थापन होण्याआधी पदवी घेतलेला एखादा गृहस्थ बार्शीहून एसटीने येतो, त्याची पदवी शिवाजी विद्यापीठाची असते, आणि तरी त्याला तीन टेबलं फिरवली जातात. पहिल्याच खिडकीवर "काका, तुमचं काम कोल्हापूरला होईल" असं सांगितलं तर त्याचा दिवस वाचतो. आपल्याकडे नीतिमत्ता म्हटलं की पैशांचाच विचार होतो. माहीत असलेली गोष्ट न सांगणं, हाही माझ्या मते गैरव्यवहारच.

दुसरी विनंती रांग मोडण्याची. "ट्रान्सक्रिप्ट उद्याच पाहिजे." इथं कारण विचारा आणि कारणाचा पुरावा मागा. परदेशी विद्यापीठाची मुदत, नोकरीवर रुजू होण्याची तारीख, जात पडताळणीची सुनावणी ही खरी कारणं आहेत. अर्जाला तसं पत्र जोडायला सांगा, वरिष्ठांकडून "तातडीचे" असा शेरा घ्या, आणि मग काम करून द्या. मात्र तीच सोय कोणाचीही ओळख नसलेल्या मुलीलाही मिळाली पाहिजे. तुमच्या खिडकीवर "मुदतीचा पुरावा जोडल्यास अर्ज अग्रक्रमाने घेतला जाईल" अशी पाटी लावता आली तर निम्मे फोन बंद होतात. पाटी लावू नका असं कोणी सांगितलं, तर का सांगितलं ते मनात नोंदवून ठेवा.

तिसरी विनंती निकाल बदलण्याची. पात्रता नसताना प्रवेश कायम करणं, मुदत संपलेला फॉर्म मागच्या तारखेने घेणं, हजेरी भरून देणं, गुणांची "दुरुस्ती". इथं ताणायचं नाही. "बघतो", "प्रयत्न करतो", "साहेबांना विचारतो" यातलं काहीही बोलू नका. समोरचा त्याचा अर्थ होकार असा घेतो आणि गावात जाऊन सांगतो की काम झालं. मग तुम्ही काही न करताही तुमच्या नावावर ते काम चढतं. सरळ म्हणा, "हे होत नाही, आणि माझ्याकडून होणार नाही. नियमात बसणारा दुसरा मार्ग असेल तर सांगतो." आणि मार्ग खरोखर शोधून द्या: विलंब शुल्कासह अर्ज, पुढच्या सत्रातली परीक्षा, विद्यार्थी तक्रार निवारण समिती. नुसता नकार देऊन फोन ठेवला की "काय ओ साहेब, एवढं बी होत न्हाई का तुमच्याच्यानं?" हे ऐकावं लागतं. नकाराबरोबर मार्ग सांगितला तरी ऐकावं लागतं, पण कमी.

व्हॉट्सॲपचा सापळा वेगळाच. लोक हॉल तिकीट, पीआरएन नंबर, गुणपत्रिकेचा फोटो थेट तुमच्या खासगी नंबरवर टाकतात. तुम्ही अंगठा जरी दाखवलात तरी तो पुरावा होतो. एकच उत्तर साठवून ठेवा: "कृपया लेखी अर्ज आवक विभागात द्यावा व नोंद क्रमांक कळवावा." आणि विद्यार्थ्यांची कागदपत्रं मोबाइलमधून पुसून टाका. दुसऱ्याच्या पोरीचा जन्मदाखला तुमच्या फोनमध्ये असण्याचं काही कारण नाही.

वरची ती साधी वही इथं कामाला येते. निकाल बदलण्याची विनंती आली की तारीख, वेळ, कोणी काय सांगितलं आणि तुम्ही काय उत्तर दिलं, दोन ओळीत लिहा. कोणाला दाखवायची म्हणून नाही. वर्षभराने चौकशी निघाली तर आठवणीवर विसंबावं लागू नये म्हणून.

४. टिप्पणीत खरं लिहा, आणि तोंडी आदेश कागदावर आणा

टिप्पणीचा क्रम ठरलेला आहे: प्रकरण काय, नियम काय म्हणतो, पूर्वी अशा प्रकरणात काय केलं, आता कोणते पर्याय आहेत, आणि शेवटी "निर्णयार्थ सादर". नवीन माणूस बहुतेक वेळा तिसऱ्या मुद्द्याला फसतो. पूर्वी एकदा चुकीचं झालेलं असतं आणि तोच दाखला म्हणून जोडला जातो. दाखला जोडताना तो नियमात बसत होता का, तेही एका ओळीत लिहा.

"चर्चेनुसार" हा शब्द नस्तीवर एकटा कधीही लिहू नका. कोणाशी, कोणत्या तारखेला, काय चर्चा झाली ते लिहा. साहेब म्हणाले, "तुम्ही मंजुरीचा प्रस्ताव ठेवा, मी सही करतो," तर टिप्पणीत असं मांडा:

"मा. महोदयांनी दि. … रोजी दिलेल्या तोंडी निर्देशानुसार प्रस्ताव सादर. तथापि परिपत्रक क्र. … मधील अट पूर्ण होत नसल्याचे निदर्शनास आणण्यात येत आहे."

यात उर्मटपणा काही नाही. वरिष्ठांनी आदेश लेखी द्यावेत आणि तोंडी दिले तर नंतर लेखी दुजोरा द्यावा, हे शासकीय सेवेच्या वर्तणूक नियमांत मान्य केलेलं तत्त्व आहे. अशी टिप्पणी गेल्यावर अनेकदा नस्ती सही न होता परत येते आणि विषय तिथंच मिटतो. कधी साहेब चिडतात. नवीन ड्राफ्ट टाका म्हणतात. तेव्हा आधीचं पान काढून टाकायची सूचना पाळू नका. प्रत्येक पानाला क्रमांक द्यायची सवय पहिल्या दिवसापासून लावली असेल तर पान काढणं अवघड जातं, तुम्हालाही आणि इतरांनाही.

पण एक लक्षात घ्या. वरिष्ठांचा निर्णय तुमच्या मताविरुद्ध गेला म्हणजे तो बेकायदा झाला असं नाही. अधिकार त्यांचा आहे, पर्याय दोन होते, त्यांनी दुसरा निवडला, तर तो मनापासून राबवा. काही नवशिके प्रामाणिकपणाच्या भरात प्रत्येक नस्तीवर लढाई करतात आणि मग खरोखर अडायची वेळ येते तेव्हा त्यांचं कोणी ऐकत नाही.

मागची तारीख टाकणं मात्र कधीच नाही. "फक्त एक दिवस मागची टाका" असं म्हणत सुरुवात होते.

५. समितीबरोबर कॉलेजला जाताना: चादर, हुरडा आणि दर्शन

संलग्नता, नवीन विषय, तुकडीवाढ यांसाठी स्थानिक चौकशी समिती कॉलेजांना भेट देते. इंग्रजी नावावरून (लोकल इन्क्वायरी कमिटी) सगळे तिला एलआयसी म्हणतात, त्यामुळे नवीन माणसाला वाटतं विम्याचं काहीतरी आहे. तुम्ही बहुधा कागदपत्रं सांभाळणारे म्हणून सोबत जाल.

आपला जिल्हा पाहुणचाराचा आहे. हिवाळ्यात भेट असेल तर शेतावर हुरडा ठेवलेला असतो. पंढरपूर भागात गेलात तर "आधी दर्शन करून घेऊ, आत सांगून ठेवलंय." सांगोल्यात निघताना गाडीत डाळिंबाची पेटी. आणि सत्कार म्हटलं की सोलापुरी चादर आलीच. यात देणाऱ्याचा हेतू दर वेळी वाईट असतो असं मी म्हणणार नाही. इथली माणसं तशीही जेवू घातल्याशिवाय सोडत नाहीत. पण तपासणाऱ्याने ज्याची तपासणी करायची त्याच्या पंगतीत बसून परतल्यावर "ग्रंथालयात पुस्तके अपुरी" हे वाक्य लिहिताना हात जड होतो.

म्हणून हे करा:

भेटीचं पत्र पाठवतानाच त्यात एक ओळ घाला: "समिती सदस्यांचा सत्कार, भेटवस्तू अथवा इतर कार्यक्रम आयोजित करू नये." पत्र विद्यापीठाचं असल्यामुळे नकार तुमचा वैयक्तिक राहत नाही. मसुद्यात ही ओळ कायमची घालण्यासाठी एकदाच मान्यता घ्या.

चहा, पाणी, कॉलेजात सगळ्यांसोबत साधं जेवण घ्या. कडक भाकरी आणि शेंगाचटणीने कोणाचं इमान विकलं गेल्याचं माझ्या पाहण्यात नाही. शेत, फार्महाऊस, हॉटेल, रांग चुकवून दर्शन हे टाळा. दर्शन रविवारी स्वतः जाऊन घ्या.

गाडीत गुपचूप ठेवलेली वस्तू परत पाठवा आणि परत पाठवल्याचं पत्र नस्तीला लावा.

प्रवासभत्त्याचा सापळा तर सगळ्यांच्या पायात येतो. कॉलेजच्या गाडीने गेलात आणि मग विद्यापीठाकडे प्रवासखर्चाचं बिल लावलंत, तर ते खोटं बिल आहे. "सगळेच लावतात" हे ऑडिटमध्ये चालत नाही. विद्यापीठाची गाडी मागा, नाही मिळाली तर एसटीने किंवा स्वतःच्या गाडीने जा आणि जे खरं तेच लिहा.

अहवालाला जोडायचे फोटो तुम्ही स्वतः काढा. प्रयोगशाळेतली उपकरणं दुसऱ्या कॉलेजातून एका दिवसापुरती आणली जातात. साठा नोंदवहीत त्यांची नोंद आणि खरेदीचं बिल मागितलं की चित्र स्पष्ट होतं.

६. परीक्षा विभागात नेमणूक झाली तर

इथं कायद्याची धार जास्त आहे. परीक्षांतल्या गैरप्रकारांसाठी महाराष्ट्रात १९८२ पासून वेगळा कायदा आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ तर विद्यापीठाच्या कुठल्याही पदावरच्या कर्मचाऱ्याला लोकसेवक मानतो. परीक्षेच्या कामासाठी बाहेरून घेतलेला माणूसही त्यात येतो. कंत्राटी ऑपरेटरला हे कोणी सांगत नाही. तुम्ही सांगा.

घरी आणि मित्रांत गोपनीय विभागाविषयी काहीही बोलू नका, पेपर कोणी काढला हेही नाही आणि पेपर कुठे छापला हेही नाही. गुण भरणारा आणि तपासणारा माणूस वेगळा असावा. आग्रह धरा. विद्यापीठ कायद्याप्रमाणे निकाल ३० दिवसांत लावण्याचा प्रयत्न करायचा असतो आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत लावायचा असतो. शेवटच्या आठवड्यात घाई होते आणि न बघता "तपासले" असा शिक्का पडतो. एका विद्यापीठात अशाच शिक्क्यामुळे एका कॉलेजच्या अख्ख्या वर्गाला एका विषयात गैरहजर दाखवलं गेलं होतं. कोणी पैसे खाल्ले नव्हते. पण पोरांचे पुढचे प्रवेश लटकले. तुमची सही म्हणजे तुम्ही ते डोळ्यांनी पाहिलं, एवढं धरून चला.

विद्यार्थ्याने उत्तरपत्रिका पाहायला मागितली तर ती उपकार म्हणून देऊ नका. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केलेला आहे.

७. माहिती अधिकाराचा अर्ज आला की घाबरू नका

मुदत ३० दिवस. दिरंगाई झाली तर दंड दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,०००, आणि तो जन माहिती अधिकाऱ्याच्या खिशातून. पण जन माहिती अधिकाऱ्याने तुमच्याकडे माहिती मागितली आणि तुम्ही ती दिली नाही, तर कायदा तुम्हालाच माहिती अधिकारी धरतो. हे कलम ५ मध्ये आहे, नवीन लिपिकाने पाठ करावं.

अर्जदार त्रासदायक असेल, नेहमीचाच असेल, तरी त्याच्या हेतूची चर्चा टिप्पणीत नको. दुसऱ्या विद्यार्थ्याचे गुण, पत्ता, जात यांसारखी खासगी माहिती मागितली असेल तर कलम ८ आणि ११ वाचून मगच पुढे जा. आणि नस्ती "सापडत नाही" हे उत्तर लिहिण्याआधी खरोखर शोधा.

८. खरेदी आणि बिलं

तीन दरपत्रकं आली आणि तिन्हींत शुद्धलेखनाची चूक एकच असेल, तर ती एकाच दुकानात टाइप झाली आहेत. तसं टिप्पणीत लिहा. मोठी खरेदी निविदा टाळण्यासाठी तुकड्यांत पाडली जात असेल तर तेही लिहा. मार्च महिन्यात हे दोन्ही प्रकार वाढतात. वस्तू ताब्यात आल्याशिवाय साठा नोंदवहीत सही नाही, पुरवठादार कितीही जुना असो.

९. कोणी पैसे देऊ केले किंवा मागितले तर

भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच घेणाऱ्याला किमान ३ आणि कमाल ७ वर्षांची शिक्षा आहे. देणाराही गुन्हेगार ठरतो, मात्र त्याला द्यायला भाग पाडलं असेल आणि त्याने ७ दिवसांत कळवलं तर त्याला संरक्षण आहे. खिडकीवर रडवेला होऊन "त्या टेबलावर पैसे मागतात" असं सांगणाऱ्या विद्यार्थ्याला ही मुदत आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक सांगा. सहकाऱ्याचं नाव आहे म्हणून विषय बदलू नका. मध्यस्थी करून "पैसे परत द्यायला लावतो" असंही करू नका. मध्यस्थ कागदावर साक्षीदार म्हणून दिसेल की साथीदार म्हणून, हे तुमच्या हातात राहत नाही.

सहीच्या बदल्यात पैशांऐवजी वेगळीच मागणी एखाद्या विद्यार्थिनीकडे झाली असेल, तर ते प्रकरण लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीचं. तक्रारीची मुदत साधारण ३ महिने असते, म्हणून तिला त्याच दिवशी समितीच्या सदस्यांची नावं द्या. लेखी लिहायला तिला जमत नसेल तर सदस्यांनी तिला मदत करायची असते, हेही सांगा.

१०. टेबल बदलताना

बदली झाली की लोक पेढे वाटून निघून जातात. तसं करू नका. प्रलंबित नस्त्यांची यादी, प्रत्येक नस्ती कोणत्या टप्प्यावर आहे, कोणत्या कपाटाची किल्ली कोणाकडे, कोणते पासवर्ड बदलायचे, अशी कार्यभार यादी दोन प्रतींत करा. दोघांच्या सह्या घ्या आणि एक प्रत घरी ठेवा. तुमचा लॉगिन त्याच दिवशी बंद करून घ्या आणि बंद झाल्याचा ईमेल मागा. नंतर येणाऱ्या माणसाला तोंडी एवढंच सांगा की कोणत्या प्रकरणात बाहेरून फोन येतात, आणि खिडकीवरची ती पाटी अजून लावलेली आहे.